सहीतला वाटा

युद्धनौकेच्या पोटात काम करणाऱ्याला युद्ध दिसत नाही. खरं तर समुद्रही दिसत नाही. दिसतात ते पाइप, फ्लँज, तेलकट प्लेटा आणि टाळक्याला लागेल इतके खाली आलेले केबलचे ट्रे. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात मी ट्रेनी म्हणून लागलो आणि सिनियर इंजिनियर म्हणून बाहेर पडलो. मधल्या सगळ्या वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेल्या कागदांत 'शत्रू' हा शब्द वाचल्याचं मला आठवत नाही. जहाजाकडून डिफेक्ट लिस्ट यायची. समुद्राच्या पाण्याचा पंप थरथरतो. दोन नंबरच्या जनरेटरला तेलाचा दाब कमी पडतो. स्टर्न ग्लँडमधून पाणी जास्त येतं. आम्ही जायचं, उघडायचं, मोजायचं, बदलायचं, बांधून चालवून दाखवायचं आणि सही करायची. साखर कारखान्यात असतो तरी यातलं निम्मं काम असंच केलं असतं.

म्हणून हा प्रश्न मला फार उशिरा पडला, आणि तोही दुसऱ्याने पाडला.

आमच्या शॉपमध्ये खंडेनवमी जोरात व्हायची. आदल्या दिवशी लेथ, बोरिंग मशीन, ड्रिल सगळं घासूनपुसून ठेवायचं, मायक्रोमीटरच्या पेट्या पाटावर मांडायच्या, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. आमचे एक चार्जमन बौद्ध होते. पूजेला ते उभे राहत नसत, पण पूजा आटोपली की चहाला हक्काने येत, आणि दसऱ्यानंतर कामाच्या पहिल्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे लाडू आम्हाला त्यांच्या डब्यातून मिळत. अशाच एका खंडेनवमीला बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "साहेब, भगवान बुद्धांनी उपासकाला पाच धंदे वर्ज्य सांगितलेत. त्यातला पहिला शस्त्रांचा. मग आपण इथे काय करतोय?"

मी म्हटलं, "आपण कुठे धंदा करतो? आपण पगारी माणसं."

"तेच म्हणतोय. विकणारा एकदा विकून मोकळा होतो. आपण ते चालतं ठेवतो."

घरी आल्यावर आण्णांना सांगितलं. आमचे आण्णा माण तालुक्यातले, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकवली नाही, ज्ञानेश्वरीची पारायणं किती झाली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना प्रश्न अवघड वाटलाच नाही. "अरे, तू निमित्तमात्र," एवढं म्हणून त्यांनी पानाला चुना लावला.

मला हे उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं, आणि आज निवृत्तीनंतर दुपारी निवांत बसून विचार करतो तेव्हा तर त्याची चीडच येते. आण्णांची नाही, त्या उत्तराच्या वापराची. निमित्तमात्र हो, हे अकराव्या अध्यायात अर्जुनाला सांगितलेलं आहे. त्याच्या हातात धनुष्य आहे, समोर त्याचे आजोबा आहेत, गुरू आहेत, आणि तो खाली बसला आहे. त्याला उभं करायला तो शब्द आला. तोच शब्द आम्ही बसून राहायला वापरतो. बेअरिंग जळालं की शॉपमध्ये कुणीतरी म्हणणारच, "आपण काय साहेब, निमित्त." असं म्हणणाऱ्याच्या हाती मी कधी पाना दिला नाही.

त्यापेक्षा अठराव्या अध्यायात मला इंजिनियरच्या कामाचं काहीतरी सापडतं. तिथे कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवं दैव. आणि पुढे म्हटलं आहे की केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही. प्रवचनकार इथून थेट उडी मारतात: म्हणजे तू कर्ता नाहीसच, सगळं त्याच्यावर सोड. पण यादी पुन्हा वाचा. कर्ता त्या पाचांत आहे, दुसऱ्याच नंबरवर आहे. मी एकटा कर्ता नाही, हे खरंच. पण त्यावरून मी कर्ता नाहीच असं कसं निघतं? आमच्याकडे एखादं मशीन फुटलं की चौकशीचा अहवाल असाच लिहितात. धातू, माणूस, हत्यारं, कामाची पद्धत, आणि शेवटी जे कुणालाच आधी कळलं नसतं ते. यातला एक रकाना रिकामा ठेवला तर वरिष्ठ अहवाल परत पाठवतात.

माझा रकाना कोणता, हे सांगायला एक काम जरा जवळून दाखवतो.

डिझेल जनरेटरचा क्रँकशाफ्ट सरळ बसला आहे की नाही हे पाहायचं असेल तर डिफ्लेक्शन घेतात. क्रँककेसचं दार उघडून फिटर आडवा होऊन आत शिरतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात डायल गेज. क्रँकच्या दोन वेबांच्या मध्ये, क्रँकपिनच्या समोरच्या बाजूला, तो गेज अडकवायचा. बाहेरचा माणूस टर्निंग गिअरने शाफ्ट सावकाश फिरवतो. शाफ्ट वाकलेला असेल तर एका फेरीत त्या दोन वेबांमधलं अंतर किंचित उघडतं आणि मिटतं. किंचित म्हणजे मिलिमीटरचे काही शतांश. खालच्या बाजूला कनेक्टिंग रॉड आडवा येतो म्हणून तिथे एकाऐवजी दोन रीडिंग घ्यावी लागतात, रॉडच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. इंजिन थंड हवं. आणि जहाज पाण्यावर हवं. हे शेवटचं बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं, पण ड्राय डॉकमध्ये ठोकळ्यांवर बसलेल्या जहाजाचा सांगाडा वेगळा बसतो आणि पाण्याने उचललेल्या जहाजाचा वेगळा. डॉकमध्ये उत्तम आलेला आकडा तरंगल्यावर बदललेला असतो. म्हणून जहाज तरंगवायचं, एखादी रात्र तसंच राहू द्यायचं, आणि पुन्हा आत शिरायचं.

आतला फिटर आकडा ओरडतो, बाहेर कुणीतरी तो वहीत लिहितो. आत काय दिसलं ते आतल्या माणसाशिवाय कुणी पाहिलेलं नसतं. रात्रीचे दहा वाजलेले असतात, जहाजाला पहाटेच्या भरतीला निघायचं असतं, जेट्टीवर कमांडर येरझाऱ्या घालत असतात. त्या वेळी शेवटचा आकडा एक-दोन शतांशांनी 'बसवून' घेणं किती सोपं असतं, हे ज्याने ते काम केलं आहे त्यालाच कळेल. माझा रकाना तो. रीडिंग जे आहे तेच लिहिलं गेलं, याची सही.

आता कुणी म्हणेल, मग झालं की. तुमचं कर्म रीडिंगचं, पुढे जहाजाने काय केलं ते सरकारचं, नौदलाचं. ही वाटणी फार सोयीची आहे, आणि ती आम्ही कशी वापरतो हे मला 2015 साली दिसलं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये येमेनमध्ये लढाई पेटली होती आणि तिथे अडकलेल्या भारतीयांना बाहेर काढायला 'सुमित्रा', 'मुंबई' आणि 'तरकश' या नौका गेल्या. समुद्रमार्गे आणि विमानाने मिळून साडेचार हजारांहून अधिक भारतीय सुटले, शिवाय चाळीसएक देशांचे नागरिक. यांपैकी एका नौकेच्या जनरेटरला आमच्या शॉपचे हात लागलेले होते. डोंबिवलीला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे कुठून कळलं देव जाणे, पण पुढच्या कार्यक्रमात मला शाल-श्रीफळ मिळालं. "आपल्या सोसायटीतल्या माणसाच्या हातांनी लेकरंबाळं सुखरूप घरी आली," असं ते माइकवरून म्हणाले. टाळ्या पडल्या. मलाही छान वाटलं, का वाटू नये?

दुसऱ्या दिवशी चार्जमन म्हणाले, "शाल घेतलीत, चांगलं केलंत. आता मला सांगा, याच जहाजावरून उद्या क्षेपणास्त्र सुटलं आणि समोर दीडशे माणसं गेली, तर सोसायटीत काय सांगाल?"

मी काय सांगेन ते मला चांगलंच ठाऊक होतं. आम्ही फक्त मशिनरी बघतो हो.

इथे माझी खरी अडचण आहे. जनरेटर तोच, शतांश तेच, सही तीच. लेकरंबाळं आली तर ती माझ्या खात्यावर जमा, आणि माणसं मेली तर नावे टाकायला सरकार! असला हिशेब गावच्या सोसायटीच्या ऑडिटरनेही पास केला नसता. जमा हवी असेल तर नावेही आपल्याच पानावर पडलं पाहिजे. आणि दोन्ही नको म्हणायचं असेल, म्हणजे फळावर हक्कच सांगायचा नाही, तर ती शालही नाकारली पाहिजे. कर्मफलत्यागाचं नाव घेणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. त्यातल्या बहुतेकांनी फक्त कडू फळाचा त्याग केला.

'नावे' म्हणजे काय, याचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर फार स्पष्ट आहे, कारण मी लागलो तेव्हा वाफेवरची फ्रिगेटं होती. 'गोदावरी' तर 2015च्या डिसेंबरपर्यंत सेवेत होती. बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणारी वाफ चारशे अंशांच्या वर तापलेली, कोरडी, प्रचंड दाबाची असते. ती गळाली तर दिसत नाही. आपल्याला वाफ म्हणून जो पांढरा धूर माहीत असतो तो वाफ निवल्यानंतरचा. मुख्य पाइपातून बारीक गळती असली तर नुसता शिट्टीसारखा आवाज येतो आणि हवेत काहीच नसतं. जुने लोक सांगायचे, अशा वेळी झाडूचा दांडा पुढे धरून चालायचं. जिथे दांडा कापला जाईल तिथे गळती. दांड्याऐवजी हात गेला तर काय होईल हे वेगळं सांगायला लागत नसे. बॉयलररूम ही अशी जागा, चालू स्थितीतली, धडधाकट, कुणी हल्ला न केलेली.

4 डिसेंबर 1971च्या रात्री 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या आपल्या क्षेपणास्त्र बोटी कराचीवर गेल्या. पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडाली. क्षेपणास्त्रांनी तिच्या बॉयलररूम फोडल्या. आपण दर 4 डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो तो या रात्रीचा. गेटवेसमोर जहाजांवर दिवे लागतात आणि तेव्हा मीही नातवाला घेऊन गेलो आहे. पण बॉयलररूम हा शब्द वाचला की माझं लक्ष तिकडे जातं. तिथेही कुणीतरी झाडूचा दांडा कोपऱ्यात उभा करून ठेवला असेल. पाचच दिवसांनी, 9 डिसेंबरला, दीवच्या समुद्रात आपली 'खुकरी' पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. तीही वाफेचीच. जहाज झपाट्याने बुडतं तेव्हा खालच्या माणसांना शिडीपर्यंतही पोचता येत नाही.

पतंजलींनी हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि जिला नुसती संमती दिली ती. पहिल्या दोन्हींतून इंजिनियर सुटेल कदाचित. तिसरीतून कसा सुटणार? गेटवेला टाळ्या वाजवल्या तिथेच ती झाली.

मग शांतता राखण्यासाठी सज्जता लागते, या युक्तिवादाचं काय? मी तो मानतो. बऱ्याच युद्धनौका पंचवीस-तीस वर्षं गस्त घालून, कुणावर एक गोळाही न झाडता भंगारात जातात, आणि त्या सज्ज होत्या म्हणूनच झाडावा लागला नाही, असं म्हणायला जागा आहे. फक्त हे मोजता येत नाही. न झालेल्या युद्धाचं रीडिंग कुठल्याच गेजवर येत नाही. आणि आज सज्ज ठेवलेलं जहाज उद्या कुणाच्या कामी येईल हेही हातात नसतं. आमच्याच गोदीची गोष्ट घ्या. 1735च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथे आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशेक वर्षं इथे जहाजं बांधली. मलबारी सागाची ती जहाजं इतकी टिकाऊ की 1817 साली इथे बांधलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे. आम्हा सगळ्यांना याचा अभिमान. पण त्याच घराण्याने 1813 साली बांधलेली 74 तोफांची 'कॉर्नवॉलिस' चीनमध्ये गेली, आणि 29 ऑगस्ट 1842 रोजी पहिल्या अफूच्या युद्धानंतरचा नानकिंगचा तह तिच्यावरच झाला. त्या तहात चीनने हाँगकाँग गमावलं. साग बघून निवडणाऱ्या, फळ्यांचे सांधे केसाएवढीही फट न ठेवता बसवणाऱ्या त्या मुंबईच्या सुतारांनी अफूला कधी हात लावला नसेल. सांधे चांगले बसले म्हणूनच जहाज तिथवर गेलं, हेही तितकंच खरं.

आण्णांना हे सगळं ऐकवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग एकदम म्हणाले, "धर्मव्याध वाच."

महाभारताच्या वनपर्वातली ही कथा. तपाचा गर्व झालेला कौशिक नावाचा ब्राह्मण धर्म शिकायला मिथिलेला जातो, आणि त्याचा गुरू निघतो खाटिक. दुकानात मांस विकत बसलेला. तो म्हणतो, मी स्वतः जनावर मारत नाही, दुसऱ्याने मारलेलं विकतो. नांगर चालवणाराही जमिनीतले किती जीव मारतो, हेही सांगतो. इतकंच असतं तर ही आमच्यासारखीच पळवाट झाली असती. पण तो स्पष्ट कबूल करतो की माझं कर्म घोर आहे, यात शंका नाही. आईवडिलांची सेवा, खरं बोलणं, कुणाचा मत्सर न करणं हेही तो सांगतो. धर्म सांगतो, पण आपलं कर्म घोर आहे हे झाकत नाही.

चार्जमनना मी ही गोष्ट सांगितली. बुद्धांच्या त्या पाचांत मांसाचाही धंदा आहे, तेव्हा त्यांना ती गमतीशीर वाटेल असं मला वाटलं होतं. ते गंभीरच झाले. म्हणाले, "त्याने घोर म्हटलं म्हणून तो गुरू झाला. तुम्ही म्हणता का?"

तेव्हापासून म्हणतो. चारचौघांत, नौदल दिनाला, भाचेजावयासमोर. लोकांना आवडत नाही. एकजण म्हणाले, मग नोकरी का नाही सोडलीत? प्रश्न रास्त आहे. सोडली नाही, कारण त्या जहाजाच्या पोटात तीनशे माणसं राहतात आणि त्यांचं पाणी, वीज, हवा, परत घरी येणं हे सगळं त्या शतांशांवर उभं असतं. कागदावर सज्ज आणि पाण्यावर कच्चं असं जहाज सगळ्यात आधी त्यांनाच मारतं. ती माणसं मला नावानिशी माहीत होती. त्यांच्या घरच्या गणपतीला मी गेलो आहे. याने घोर कर्म अघोर होत नाही, हेही मला कळतं. दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

चार्जमननी मात्र बदली मागितली. मुख्य मशिनरी नको, फायर पंप आणि पाणी गोडं करणाऱ्या प्लँटच्या सेक्शनला टाका म्हणाले. मी म्हटलं, फायर पंप चालला तरच जहाज लढतं, फरक काय पडतो? "तेवढं तरी अंतर राहू द्या, साहेब." मला ते अंतर खोटं वाटलं होतं. आता तितकं वाटत नाही. माणसाने आपल्या हाताचा पल्ला आखून घेण्यात काहीतरी असतंच. बदली झाली.

वर्षभराने एका जहाजाचा रिफिट संपत आला. रिफिटला येण्याआधी जहाजाचा दारूगोळा उतरवतात आणि संपल्यावर पुन्हा चढवतात. तो चढवण्याआधी मॅगझिनवर पाणी मारणारी यंत्रणा चालते आहे असं लेखी द्यावं लागतं, म्हणजे आत आग लागली तर कोठार लगेच भिजवता यावं. त्या यंत्रणेला पाणी येतं फायर मेनमधून. कागद फिरत फिरत चार्जमनच्या टेबलावर गेला. मला वाटलं आता हा माणूस अडणार. त्यांनी स्वतः खाली जाऊन सगळे व्हॉल्व्ह उघडून पाहिले, दाब दोनदा घेतला, एक गॅस्केट बदलायला लावलं, तिसऱ्यांदा दाब घेतला आणि सही केली.

"वर पोरं झोपतात," ते म्हणाले. मग पेनाला टोपण लावत, "साहेब, आता तुमच्या व्याधाच्या दुकानावर माझंही नाव."

"पाटी लांब आहे," मी म्हटलं. "माझ्यापुढे घाला."

"पुढे नाही, खाली. तुमचा ग्रेड वरचा," असं म्हणून त्यांनी कागद पुढच्या सहीसाठी माझ्याकडे सरकवला.